मास्तर, पोच आली का?

गेल्या फेब्रुवारीत आमच्याकडे एक डच पाहुणा चार रात्री राहिला आणि जाताना बिल बिटकॉइनमध्ये देऊन गेला. देऊन गेला असं म्हणतोय खरा, पण त्याची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा पैसे माझ्याकडे आले होते का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

मी पोस्टातला माणूस. १९७९ साली चिकटलो, २०१७ साली सब-पोस्टमास्तर म्हणून सुटलो. हर्णैचा पूल ओलांडला की आंजर्ल्याच्या बाजूला आमचं घर. हापूसची ४६ कलमं, थोड्या पोफळी, आणि परसात जिथे गोठा होता तिथे बांधलेल्या दोन खोल्या. गुरं गेली, पाहुणे आले. ही म्हणते, गुरांचं करणं सोपं होतं.

पैसे एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचवणं हा माझा ३८ वर्षांचा धंदा. त्यामुळे क्रिप्टो (बिटकॉइनसारखं, बँकेशिवाय चालणारं इंटरनेटवरचं चलन) बरं की यूपीआय बरं हा विषय भाच्याने काढला की मी जेवण निवेपर्यंत भांडतो. भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्याचं म्हणणं असं, "मामा, तुमची मनीऑर्डर गेली ना, तसं हे यूपीआयपण जाईल." मी म्हणतो, गेली ते ठाऊक आहे, पण ती काय होती ते तुला ठाऊक आहे का?

मनीऑर्डर पोस्टाने १८८० साली सुरू केली. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात तिचं कमिशन २० रुपयांना १ रुपया होतं, म्हणजे ५ टक्के, आणि एका फॉर्मवर जास्तीत जास्त ५,००० रुपये. फॉर्मला एक कुपन असायचं, त्यावर पाठवणाऱ्याने चार ओळी निरोप लिहायचा. परळ-लालबागच्या खोलीतून आलेले ते निरोप आमचा पोस्टमन दारात उभा राहून वाचून दाखवायचा: कौलं चाळून घ्या, धाकटीला डॉक्टरकडे न्या, बकरी विकू नका. आणि एक तुकडा असायचा पोचेचा. घेणाऱ्याने त्यावर सही करायची, नाहीतर साक्षीदारासमोर अंगठा द्यायचा, आणि तो तुकडा उलट टपालाने मुंबईला जायचा. पैसे यायला आठवडा, पोच जायला आठवडा. मुंबईच्या माणसाला आपण घरी पैसे दिले हे समजायला पंधरा दिवस लागत. तोवर तो दर संध्याकाळी चाळीच्या जिन्यात टपालाकडे डोळे लावून असायचा, असं मला कितीतरी चाकरमान्यांनी सांगितलंय.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. शिमग्याच्या आधी येणारा मनीऑर्डरींचा गठ्ठा एरवी मुठीत मावत नसे, तो पुढे पुढे चिमटीत मावायला लागला. बायका खिडकीशी येऊन विचारायच्या, "मास्तर, आमची नाय काय आली?" मी तेव्हा मास्तर नव्हतो, साधा क्लार्क होतो, पण खिडकीच्या आतला तो मास्तर. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की पैसे पाठवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे पोच.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हा मी अजून खुर्चीत होतो. खरं सांगतो, हे हर्णैच्या बंदरापर्यंत येईल असं मला वाटलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आमच्या खिडकीवर नोटा बदलायला रांगा लागल्या, आणि त्या धांदलीत कुणाच्या मोबाइलमध्ये काय शिरलं इकडे बघायला मला फुरसत नव्हती.

आता बघतो. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो तिथे मी पाहुण्यांना घेऊन जातो. लिलावाचे मोठे व्यवहार त्यांच्या त्यांच्या पद्धतीने चालतात, त्यात मी पडत नाही. पण कडेला किरकोळ विकणाऱ्या बायका बसतात. एकीच्या टोपलीला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला स्कॅनर सुतळीने बांधलेला असतो. मध्यंतरी पुण्याचं एक जोडपं तिच्याकडून ६०० रुपयांची सुरमई घेत होतं. त्या माणसाने स्कॅन केलं, हिरवी खूण तिच्या नाकासमोर धरली आणि पिशवीला हात घातला. मासळीवालीने पिशवी सोडली नाही. "थांब दादा, डबा बोलला नाय." डबा म्हणजे तिच्या मागे उलट्या बालदीवर ठेवलेला साउंडबॉक्स, बर्फाचं पाणी लागू नये म्हणून उंचावर. पिशवीचा एक कान त्याच्या हातात, दुसरा तिच्या. पाच-सात सेकंद कुणी काही बोललं नाही. मग डबा बोलला, सहाशे रुपये, आणि तिने बोटं सैल केली.

खोट्या पेमेंटचे स्क्रीनशॉट दाखवून मासळी नेणारे तिला भेटलेत, म्हणून ही खबरदारी. मला मात्र तिथे अंगठ्याचा ठसा घेणारा आमचा पोस्टमन दिसला. पंधरा दिवसांचं काम सात सेकंदांत, आणि तिला त्यातून कमिशन कापून जात नाही. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून यूपीआयने दुकानदाराला दिलेल्या पैशांवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापायचं शुल्क, शून्य आहे. डब्याचं भाडं महिन्याला जातं, त्याला ती शिव्या घालते, ते वेगळं.

यूपीआय अडकतच नाही असं नव्हे. रविवारी दुपारी, दापोलीत पर्यटकांची गर्दी उसळलेली असताना, ते हमखास गोल गोल फिरत बसतं. पण अडकलं तर काय करायचं हे लिहून ठेवलेलं आहे. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे: माझ्या खात्यातून कापले आणि समोरच्या माणसाला पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत, दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. मी निवृत्त झालो तरी परिपत्रकं वाचतो. व्यसन आहे.

असो. डच पाहुणा.

तो वेळासची कासवं बघायला आला होता. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पहाटे टोपलीखालून सोडतात आणि ती समुद्राकडे धावतात, हे बघायला माणसं कुठून कुठून येतात. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत ऑनलाइन फॉर्म सी भरावा लागतो, तो मी चोख भरला. पैसे कसे देणार हे विचारायचं मात्र राहिलं. चार रात्री, जेवणखाण धरून २,४०० च्या हिशोबाने ९,६०० रुपये. निघायच्या दिवशी सकाळी तो एटीएमला गेला. एकात खडखडाट, दुसऱ्याने त्याचं कार्ड बाहेर थुंकलं. माझ्याकडे कार्डाचं मशीन नाही. परदेशी प्रवाशांसाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं वॉलेट २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने सुरू झालंय, ते त्याने घेतलेलं नव्हतं. दापोलीत जाऊन पैसे काढून कुणाबरोबर तरी पाठवतो म्हणाला. आणि मग जरा चाचरत विचारलं, बिटकॉइन चालेल का?

त्याने म्हणे एल साल्वादोरमधल्या एल झोंते नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात नाश्तासुद्धा बिटकॉइनने केला होता. त्या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं होतं. २०२५ च्या जानेवारीत कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढून टाकली, हे त्याने सांगितलं नाही. मी नंतर वाचलं.

मी भाच्याला फोन लावला. तो ऑफिसात होता, पण इतका खूश झाला की मीटिंग सोडून बाहेर आला. "मामा, हो म्हणा! मी सांगतो तसं करा." वॉलेटचं, म्हणजे बिटकॉइन ठेवायचं, ॲप घेतलं. ॲपने १२ इंग्रजी शब्द दाखवले. २,०४८ शब्दांची एक ठरलेली यादी असते, त्यातून उचललेले. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. कागदावर लिहा, फोटो काढू नका, कुणाला दाखवू नका, आणि हा कागद हरवला नि फोन बिघडला तर पैसे गेले.

"मग अर्ज कुणाकडे करायचा?"

भाचा हसला. मला हसू आलं नाही. माझ्या ३८ वर्षांत हरवलेल्या प्रत्येक कागदासाठी एक फॉर्म होता. पासबुक हरवलं, फॉर्म. मनीऑर्डर पोचली नाही, तक्रारीचा फॉर्म. हिला यूपीआयचा पिन आजवर तीनदा विसरायला झालाय, तिन्ही वेळा डेबिट कार्डावरचे आकडे टाकून नवीन मिळाला. इथे १२ शब्द हेच खातं, हाच खातेदार आणि हीच सही. आणि कोकणात कागद जपायचा म्हणजे काय असतं ते पुण्यात बसलेल्याला सांगून कळायचं नाही. आषाढात आमच्याकडे कपाटातल्या चपलेला बुरशी येते. वाळवीने माझी एक अख्खी सर्व्हिस फाइल खाल्ली आहे, फक्त टाचण्या ठेवल्या. शेवटी तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून पत्र्याच्या ट्रंकेत, हिच्या शालूच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवला.

मग पत्ता. माझ्या वॉलेटचा पत्ता ४२ अक्षरांचा, bc1 ऐवजी मराठीत लिहायचं तर बीसीवन अशी सुरुवात आणि पुढे मांजरीने टाइपरायटरवरून चालत जावं तसं काहीतरी. आमच्या गावात एकाच नावाचे पाच जण होते. पाकिटावर नुसतं नाव असलं तरी अक्षर बघून आणि टपाल कुठून आलंय ते बघून पोस्टमन ओळखायचा, हे खालच्या वाडीतल्याचं. बिटकॉइनच्या पत्त्यात एखादं अक्षर चुकलं तर बहुतेक वेळा ॲपच पकडतं, हे मान्य. पण दुसऱ्या कुणाचा बरोबर पत्ता चिकटवलात तर पैसे त्याला अगदी बरोबर पोचतात, आणि परत आणायला कुणी नसतं. पाहुण्याने माझ्या फोनवरचा स्कॅनर त्याच्या फोनने टिपला, म्हणून ती भीती टळली.

११ वाजून ४० मिनिटांनी त्याने पाठवले. माझ्या फोनवर लगेच रक्कम उमटली. मी हिला हाक मारणार तेवढ्यात खाली करड्या अक्षरांत दिसलं: अनकन्फर्म्ड. म्हणजे अजून पक्कं नाही.

बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या वहीचं एक पान, सरासरी १० मिनिटांनी निघतो. त्यात मावतील तेवढेच व्यवहार. साऱ्या जगाचे मिळून सेकंदाला सातच्या आसपास. आणि रांगेत पुढचा नंबर ज्याने जास्त फी लावली त्याचा. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या एसटीत जागा मिळवण्यासारखंच आहे, फक्त इथे वरचे पैसे देणं राजरोस. आमच्या पाहुण्याने डच काटकसर करून सगळ्यात कमी फी लावली होती. बारा वाजले. गाडीवाला फाटकाशी हॉर्न वाजवायला लागला. "मास्तर, खेडला गाडी चुकंल हां." खेडपर्यंत दोन तास धरावे लागतात. हिने कोकम सरबत आणून दिलं. पाहुणा म्हणाला, लाइटनिंगने पाठवलं असतं तर एका क्षणात आलं असतं. लाइटनिंग हा बिटकॉइनचाच झटपट मार्ग आहे, पण भाच्याने मला घ्यायला लावलेल्या ॲपात तो नव्हता. साडेबारा. घरात रेंजची एक काडी, म्हणून मी फोन घेऊन विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन उभा. करडं ते करडंच. ही ओटीवरून विचारते, "अहो, पोच आली का?"

पावणेएकला मी त्याला म्हटलं, जा बाबा. तो हात जोडून गेला.

रात्री ९ वाजून १० मिनिटांनी, दारं लावायला उठलो तेव्हा, करडं हिरवं झालं होतं.

म्हणजे दुपारी झालं ते काय झालं? मी त्याला उधारीवर सोडला. माणूस सभ्य वाटला, कासवांसाठी पहाटे उठणारा होता, ताटात काही टाकत नव्हता, म्हणून सोडला. सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ ला बिटकॉइनची कल्पना मांडणारा जो नऊ पानांचा लेख आला त्याचा सारा रोख असा की पैशाच्या व्यवहारात विश्वासाची जागा गणिती पुराव्याने घ्यावी. पुरावा आला, नाही असं नाही. रात्री आला. दुपारी विश्वासावरच भागवावं लागलं.

आता एक कबुली. त्या रात्री भाच्याने एक लिंक पाठवली आणि मी माझा तो व्यवहार उघडून पाहिला. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर, किती, फी किती, कुठल्या ब्लॉकमध्ये, सगळं उघडं. पोस्टात रोज संध्याकाळी दिवसाचा हिशोब जुळवून हेड ऑफिसला पाठवायचा असे. एक रुपया जुळला नाही तर कंदिलाच्या उजेडात जुळेपर्यंत बसायचो; एकदा तो रुपया टेबलाच्या फटीत सापडला. इथे जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर प्रत्येकाकडे तीच एक वही, ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या पानापासून आजपर्यंतची, आणि कुणालाही मागचं पान खोडता येत नाही. हिशोबनिसाच्या डोळ्यांनी बघाल तर सुंदर चीज आहे. त्यात पहिल्या पानावर नाकामोतोने लंडनच्या 'टाइम्स'चा त्या दिवशीचा मथळा कोरून ठेवलाय: अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात. मनीऑर्डरीच्या कुपनावर निरोप लिहावा तसा! मला राहवलं नाही, मी हिला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "रुपये कधी येणार ते सांगा आणि झोपा."

रुपये यायला नऊ दिवस लागले. एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो विकून रुपये मिळतात त्या बाजारात, खातं, पॅन, आधार, मान डावीकडे वळवून सेल्फी, पैसे कुणाचे आणि कुठून आले याची घोषणा. ज्या गोष्टीत बँक नको म्हणून सगळा खटाटोप, तिचे रुपये करायला बँकेपेक्षा जास्त कागद. माझ्या वहीत नोंद अशी आहे. आले ९,६०० चे. वॉलेटमधून एक्स्चेंजला पाठवायची फी १४०. नऊ दिवसांत भाव पडला, विकले तेव्हा आले ९,०८२. त्यातून १ टक्का टीडीएस, ९१. एक्स्चेंजचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी मिळून ४५. बँकेत जमा ८,९४६. तूट ६५४.

एवढ्या रकमेची मनीऑर्डर माझ्या काळच्या दराने केली असती तर दोन फॉर्म लागले असते आणि कमिशन झालं असतं ४८०. म्हणजे १८८० सालची सेवा स्वस्त पडली, असं मी भाच्याला कळवलं. तो म्हणाला, टीडीएस रिटर्न भरल्यावर जमेस येतो, आणि भाव चढला असता तर? चढला असता तर वर पैसे मिळाले असते, खरं आहे. पण मी खोली भाड्याने दिली होती. हिचा प्रश्न जास्त नेमका होता: "भाडं घेतलंत की आकडा लावलात?"

दापोलीच्या आमच्या सीएने कपाळाला हात लावला. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला बँकांना क्रिप्टोवाल्यांशी संबंध तोडायला सांगितलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं, इथपर्यंत मला माहीत होतं. पुढचं त्याने ऐकवलं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, त्याच वर्षी १ जुलैपासून टीडीएस, आणि तोटा झाला तर तो कशातूनच वजा होत नाही, दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनसुद्धा नाही. शिवाय पाहुणा परदेशी, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचं लचांड वेगळंच. "मास्तर, पुन्हा असलं काही घ्यायचं झालं तर आधी मला फोन करा," म्हणाला. फी घेतली नाही. यूपीआयने पाठवू का विचारलं तर म्हणाला, आंबे पाठवा.

इथवर वाचून भाचा म्हणेल, मामा, तुम्ही एकाच बाजूने लिहिताय. म्हणून त्याची बाजूही लिहितो, कारण त्याने एकदा मला गप्प केलंय.

शेजारच्या गावातल्या एका होमस्टेवाल्याचं बँक खातं गेल्या दिवाळीनंतर गोठवलं. कारण? कुठल्याशा पाहुण्याने त्याला यूपीआयने ३,२०० रुपये दिले होते, आणि ते पैसे दुसऱ्या राज्यात कुणाला तरी ऑनलाइन गंडा घालून आलेले निघाले. तिथल्या सायबर पोलिसांनी पैशाचा माग काढत काढत इथपर्यंतची सगळी खाती थांबवायला सांगितली. ३,२०० साठी आत असलेले पावणेदोन लाख अडकले, तेही ऐन हंगामात. बँकेतला साहेब म्हणायचा, आमच्या हातात नाही, तिकडच्या पोलिसांकडून पत्र आणा. तिकडचे पोलीस फोन उचलायचे नाहीत. दोन महिने बिचारा किराणा उधारीवर आणत होता. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला की पैसे वाटेतच अडवता येतात, ही चांगलीच सोय आहे. पण गळाला लागणाऱ्यांत असाही एखादा असतो. भाचा म्हणाला, "बिटकॉइन असतं तर कुणाची ते गोठवायची ताकद नव्हती." मी पानातली आमटी ढवळत बसलो.

आणि अण्णांच्या नातीचं. ती घरी बसून परदेशातल्या कंपन्यांसाठी व्हिडिओच्या सबटायटल्स करते. यूपीआयचा तिला उपयोग नाही, तिचा गिऱ्हाईक कॅनडात. पेपालने घेतलं तर साडेचार टक्क्यांच्या आसपास फी, वर डॉलरचा दर ते आपल्या मर्जीने लावतात. बँकेतून मागवलं तर मधली कुठलीतरी बँक वाटेत आपला घास काढून घेते, आणि हे पैसे कशाचे म्हणून फॉर्म. २०० डॉलरच्या कामात हे असं झालं की पोरगी रडकुंडीला येते. तिने एकदा क्रिप्टोतले यूएसडीटी घेतले. तो डॉलरला बांधलेला, म्हणून भाव हलायची भीती कमी; दहा मिनिटांत आले, फी नाममात्र. मला म्हणाली, आजोबा, हे बेस्ट आहे. मीही मान डोलावली. देशाबाहेरून थोडे थोडे पैसे येणाऱ्या माणसाला ही खरी सोय आहे, आणि नाही म्हणायचं काही कारण नाही.

पुढे तिने ते विकले कुठे? एक्स्चेंजचं कमिशन आणि टीडीएस वाचवायला एका ॲपवर थेट दुसऱ्या माणसाला. त्याने तिला यूपीआयने रुपये दिले. ते रुपये कुणाचे होते देव जाणे. तीन आठवड्यांनी तिचं खातं गोठलं.

त्या दिवशी भाच्याला मी फोन केला नाही. अण्णांना घेऊन बँकेत गेलो, अर्ज लिहून दिला. अर्ज लिहायला मला अजून छान येतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मात्र यातलं काहीच चालत नव्हतं. माझी कलमं ६८ होती, त्यातली ४६ उभी राहिली. आमच्या वाडीत वीज २३ दिवसांनी आली. टॉवर मुका, फोन मेलेले. दुकानदाराने वही काढली आणि नावं मांडत गेला: तेल, मेणबत्त्या, पत्रे बांधायला तार. तो स्कॅनरचा पुठ्ठा त्याने वहीवर पाणी ठिबकू नये म्हणून वर धरला होता.

डचाची गोष्ट एवढ्यावर संपायला हरकत नव्हती, पण त्याने मुंबईच्या विमानतळावरून आणखी ३०० रुपयांचे बिटकॉइन पाठवले. हिच्या सोलकढीसाठी. ॲपात निरोप लिहायला जागा नाही, म्हणून तो व्हॉट्सॲपवर वेगळा आला. ते ३०० तसेच पडून आहेत. काढायला जावं तर फीमध्ये निम्मे जातात. मी हिशोबाच्या वहीत त्यांना जागा दिलेली नाही, कुठल्या खात्यात टाकायचे तेच कळत नाही.

परवा जेवताना विषय निघाला म्हणून मी फोन काढून बघितलं. म्हटलं, ३१७ झालेत.

"काल ३२५ होते," ही म्हणाली.

मी तिला काल काही सांगितलं नव्हतं.